45 मजले, आणि आपली शाळा दोन मजल्यांची: टॉवर रनच्या तयारीबद्दल

सर, तुमचा मेसेज नीट वाचला. म्हणजे जिंतूर साइडची तुमची शाळा, 13 ते 17 वयाची नऊ लेकरं, त्यातल्या चार मुली, मुंबईत एका 45 मजली टॉवरमध्ये जिने चढायची चॅरिटी रेस, पैसे कॅन्सर झालेल्या लहान मुलांच्या उपचाराला जाणार, हातात अडीच महिने, आणि गावात सगळ्यात उंच काय तर पाण्याची टाकी. तुम्ही विचारलंय की तयारी कशी करून घ्यायची, 13 वर्षाच्या दोघांना न्यावं का नाही, आणि देणगीचं काय करायचं. मी संभाजीनगरला 19 वर्षं ॲथलेटिक्स शिकवते, टॉवर रनला लेकरं घेऊन चार वेळा गेले, त्यातली पहिली वेळ पूर्ण फसली, तर त्या फसलेल्या वेळेपासूनच सुरू करते कारण तुम्ही पण तीच चूक करायच्या बेतात दिसताय. तुम्ही लिहिलंय की रोज सकाळी 5 किलोमीटर पळवतोय आणि 1600 मीटरचा टायमिंग बघतोय.

मी पण तेच केलं होतं. आपल्याकडं कसंय, गावागावात पोलीस भरतीची अकॅडमी, पोरगं पळायला लागलं की पहिला प्रश्न सोळाशेला किती येतो. माझी सहा पोरं मैदानावर जबरदस्त होती. रेस सुरू झाली आणि सगळी एका दमात दोन-दोन पायऱ्या उड्या मारत गेली, मी खाली उभी राहून खूश. नंतर कळलं की नवव्या-दहाव्या मजल्यापर्यंतच सगळ्यांचा खेळ संपला होता. एक जण चौदाव्यावर उलटी करून बसला, दोघं रेलिंगला लटकत लटकत वर पोचली, आणि त्यांच्या बाजूनं एक चष्मेवाल्या पन्नाशीच्या बाई, बँकेत नोकरी करणाऱ्या, शांतपणे चालत, हो चालत, पुढं निघून गेल्या. एकदाही थांबल्या नाहीत म्हणे.

परतीच्या गाडीत आमचा विषय तोच, की त्या बाई पुढं कशा गेल्या. तेव्हा ऊसतोड घरातलं एक पोरगं, बीडकडचं, बोललं, "मॅडम, माझी आई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरनं ट्रकवर चढती, दिवसभर चढती, ती कुठं पळती?" मी गप्पच झाले. इतकी वर्षं कोचिंग करून मला जे सुचलं नाही ते त्यानं एका वाक्यात सांगितलं. तिथून पुढं मी जिन्याच्या रेसला लेकरांना पळायला शिकवणं बंद केलं, चढत चालायला शिकवते. 1600 चा टायमिंग तुम्ही आता दोन महिने विसरा.

यामागं साधं गणित आहे. ऑफिसचा टॉवर असेल तर मजल्याला 20-22 पायऱ्या धरा, म्हणजे 45 मजल्याला 900 ते 1000 पायऱ्या, उंची झाली दीडशे मीटरच्या आसपास, म्हणजे दौलताबादचा चांद मिनार दोनदा एकावर एक ठेवा आणि वर अजून थोडं. मैदानावर पळताना शरीर पुढं ढकलायचं असतं, इथं दर पायरीला अख्खं वजन उचलायचं असतं, त्यामुळं मांडी आणि कुल्ल्याचे स्नायू दोन मिनिटात पेटतात, ठोके वरच्या टोकाला जातात आणि एकदा का ती आग लागली की जिन्यात ती विझत नाही कारण उताराची किंवा सपाटीची सवलतच नाही. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगची रेस 1978 पासून चालू आहे, 86 मजले, 1,576 पायऱ्या, तिथला रेकॉर्ड ऑस्ट्रेलियाच्या पॉल क्रेकचा, 2003 मध्ये 9 मिनिटं 33 सेकंद. भागाकार करून बघा, मिनिटाला 165 पायऱ्या. दोन-दोन घेतल्या तर मिनिटाला 82-83 पावलं, म्हणजे जगातला सगळ्यात भारी माणूससुद्धा पावलांच्या हिशोबानं बघितलं तर आपण बाजारात चालतो त्यापेक्षा हळू पाय टाकतोय! फक्त प्रत्येक पाऊल दोन पायऱ्यांचं आणि साडेनऊ मिनिटं न तुटणारं. आणि हा क्रेक सायकलिस्ट पण होता, बायकांचा रेकॉर्ड (11:23, 2006) ज्या अँड्रिया मायरचा ती डोंगर चढायच्या रेसची वर्ल्ड चॅम्पियन. दोघांची तयारी चढाची, ट्रॅकची नव्हे.

तुमच्या लेकरांसाठी मिनिटाला 100 पायऱ्या हे टार्गेट ठेवा. साडेनऊ मिनिटात होतं, आणि पहिल्यांदा जाणाऱ्या शाळकरी पोरासाठी हे फार छान टायमिंग आहे. दणकट असेल तो 120 ला जाईल, आठ मिनिटाच्या आसपास. मोबाईलवर मेट्रोनोमचं (एकसारख्या वेगानं टिकटिक ठोके देणारं) फुकट ॲप मिळतं, त्यावर 50 चा ठोका लावा आणि दर ठोक्याला दोन पायऱ्यांचं एक पाऊल. ज्याची उंची कमी आहे त्याला दोन पायऱ्यांची जबरदस्ती नको, त्याला 100 चा ठोका आणि एक-एक पायरी, काही बिघडत नाही. दोन्ही येत असेल तर सगळ्यात उत्तम, कारण मांड्या भरून आल्या की आठ-दहा मजले एक-एक घ्यायच्या आणि परत दोनवर यायचं.

आता गावात जिना कुठून आणायचा. मला कधी कधी हसू येतं, आपल्या मराठवाड्यात पायऱ्यांची कमी नाही पण आपल्या पायऱ्या खाली जातात. चारठाण्याची बारव (पायऱ्यांची विहीर) घ्या, वालूरची ती गोल फिरत उतरणारी बारव घ्या, तुळजापूरला तर देवीच्या दर्शनालासुद्धा उतरून जावं लागतं. (बारवेवर प्रॅक्टिस अजिबात नको बरं का, शेवाळ, पाणी, आणि शेकडो वर्षांचा दगड आहे तो, तुमच्या पोरांच्या बुटासाठी नाही. पाण्याच्या टाकीची शिडी तर डोक्यातूनच काढून टाका, ते तुम्ही गमतीनं लिहिलं असेल अशी आशा करते.)

शाळेचा जिना मोजा. तळ ते गच्ची 44 च्या आसपास पायऱ्या भरतील. 950 भागिले 44, म्हणजे 22 फेऱ्या झाल्या की टॉवर पूर्ण, असं कागदावर दिसतं आणि इथंच मास्तर लोक फसतात, 22 फेऱ्या म्हणजे 22 वेळा उतरणं पण आलं. चढताना दम जातो पण मांडी फाटते ती उतरताना, गुडघ्यावर मार बसतो तो पण उतरताना, आणि रेसमध्ये उतरणं नसतंच, वरून लिफ्टनं खाली आणतात. म्हणजे ज्या गोष्टीची परीक्षा नाही तिचाच अभ्यास जास्त. म्हणून पहिल्या आठवड्यात फक्त 6 फेऱ्या, उतरताना एकदम सावकाश, गप्पा मारत, रेलिंग धरून. दर आठवड्याला दोन वाढवा, 14 च्या वर जाऊ नका. आठवड्यात जिना तीनच दिवस, सोमवार-बुधवार-शुक्रवार घ्या किंवा तुमच्या सोयीनं, पण लागोपाठ दोन दिवस नको.

बाकीची कसर ओट्यावर भरून काढायची. शाळेच्या व्हरांड्याचा ओटा किंवा स्टेजची पायरी, फूटभर उंच, त्यावर एक पाय वर, दुसरा वर, पहिला खाली, दुसरा खाली, मिनिटाला 25 वेळा, आधी तीन मिनिटं मग वाढवत वाढवत सलग दहा मिनिटं. बोअर होतं, मान्य आहे, लेकरं वैतागतात, गाणी लावा. पण सलग दहा मिनिटं पाय चालू ठेवायची सवय यातनंच लागते, कारण शाळेच्या जिन्यावर दर 44 पायऱ्यांनी विश्रांती मिळतेय आणि टॉवरमध्ये ती मिळणार नाही. दप्तरात विटा टाकून चढवायचं वगैरे व्हिडिओ बघून करू नका, वाढीच्या वयात नकोच. सायकल असेल तर चढावर सायकल मारू द्या, भरपूर. टायर ओढणं चालेल, हलका.

आणि दोनदा तरी, शक्य झालं तर तीनदा, खऱ्या उंच जिन्यावर न्या. परभणीत किंवा इकडं संभाजीनगरला आठ-दहा मजली अपार्टमेंट आहेत, ओळखीतनं सोसायटीच्या चेअरमनची परवानगी घ्या, रविवारी सकाळी सहाला जा, वॉचमनला आधी सांगून ठेवा, नाहीतर नऊ पोरं धापा टाकत जिन्यानं वर जातायत बघून लोक आग लागली समजून घराबाहेर येतात, आमच्या बाबतीत झालंय. जिन्यानं वर, लिफ्टनं खाली, अशा पाच फेऱ्या. यासारखी प्रॅक्टिस दुसरी नाही.

दौलताबादचं बरेच जण विचारतात. किल्ल्याला साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आहेत, डोंगर साधारण 200 मीटर उंच, म्हणजे दम बघायला एकदम झकास आणि लेकरांची सहल पण होते. पण तो जिना नाही, पायऱ्या उंच-सखल, मधे मधे सपाटी, अंधारीत (किल्ल्यातला काळोखा बोगदा) तर हात धरून चालायचं, तिथं वटवाघळं आणि ओला दगड, पळायचा प्रश्नच नाही. वीकडेला उघडल्या उघडल्या जा, अंधारी ओलांडून झाली की मग तिथून वर बारादरीपर्यंत (वरच्या टोकाजवळचा महाल) एकाच चालीत न थांबता चढायचं, एवढंच टार्गेट. वानरांपासून डबे सांभाळा. माहूरला रेणुकामातेच्या पायऱ्या अडीचशेच्या आसपास आहेत, पण तिथं भक्त असतात, लेकरू-म्हातारं असतं, तिथं दर्शनच घ्यावं.

रेलिंगबद्दल कुणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहिते. टॉवर रन अर्धी हातानं चढायची असते. रेलिंग पुढं पकडायचं, शरीराकडं ओढायचं, हात कमरेजवळ आला की सोडून परत पुढं, विहिरीचा दोर ओढल्यासारखं. पायावरचं बरंच ओझं हात घेतात. आतल्या बाजूचं रेलिंग धरायचं म्हणजे वळणावर फेरा लहान पडतो, लँडिंगवर (जिना वळतो तिथली सपाट जागा) दोन-तीन पावलांत वळायचं, चार-पाच नाही, 45 मजल्यात दीडशेक पावलं अशीच वाचतात. काही टॉवरमध्ये जिना डावीकडं वळतो काहीत उजवीकडं, आयोजकांना आधीच विचारून घ्या आणि त्या हाताची सवय लावा, नसेल कळत तर दोन्ही. शाळेच्या जिन्याला रेलिंगऐवजी कठडा असेल, बऱ्याच जुन्या शाळांना असतो, तर झाडाला दोर बांधून ओढायची प्रॅक्टिस घ्या. लोखंडी रेलिंग घामानं निसटतं, माझ्या मुली सायकलचे बोटं उघडी असलेले ग्लोव्हज घालतात, शंभर-दोनशेत येतात.

रेसमध्ये सगळ्यांना एकदम सोडत नाहीत, दहा-पंधरा सेकंदांनी एकेक सोडतात आणि टायमिंग चिपवर लागतं. त्यामुळं पुढचा दिसला की त्याला गाठायची खाज येते आणि तिथंच पोरांचा दम संपतो. माझा नियम एकच, दहाव्या मजल्यापर्यंत तोंडातनं पूर्ण वाक्य निघालं पाहिजे. आमची पोरं "माझं नाव अमुक, माझी शाळा तमुक" म्हणत जातात, लोक हसतात, हसू द्या. तिसाव्यापर्यंत दोन-तीन शब्द निघाले तरी पुरे. शेवटच्या दहा मजल्यात काय करायचं ते करा, पळायचं तर तिथं पळा, पण खरं सांगू, पहिले दहा नीट गेले असतील तरच शेवटच्या दहात काहीतरी शिल्लक असतं. पुढच्याला ओलांडायचं असेल तर "साइड" म्हणून आवाज द्यायचा, ढकलायचं नाही, आणि आपल्या मागून आवाज आला तर स्वतःहून रेलिंग सोडून बाजूला व्हायचं.

13 वर्षाच्या दोघांबद्दल. आधी आयोजकांचा वयाचा नियम बघा, तो वाकवायला जाऊ नका, आधारकार्डाच्या झेरॉक्सवर खाडाखोड करणारे महाभाग मी बघितलेत. नियमात बसत असतील तर न्या, पण टायमिंगसाठी नाही, शेवटच्या निवांत बॅचमध्ये, एखाद्या शिक्षकासोबत, पाहिजे तिथं थांबत. आणि गुडघ्याखाली पुढच्या बाजूला हाडाचा जो उंचवटा असतो तो दाबल्यावर दुखतो का रोज विचारा, या वयात झपाट्यानं उंची वाढते तेव्हा तो दुखणं फार कॉमन आहे, दुखत असेल तर जिना लगेच बंद, आठवड्यानं परत बघा, दुखायचं थांबलंच नाही तर डॉक्टर. "थोडं दुखतंच, त्याशिवाय बॉडी बनत नाही" हे वाक्य मी माझ्या मैदानावर बॅन केलंय. घाई कशाला पाहिजे? आपला अविनाश साबळे, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, पोरं सगळी त्याचंच नाव घेतात, तो स्पर्धेच्या पळण्यात आला सैन्यात गेल्यावर, आणि 2022 ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये स्टीपलचेसचं (अडथळ्यांची लांब शर्यत) सिल्व्हर घेऊन आला. 13 व्या वर्षी त्याला कुणी टॉवरवर पळवलं नव्हतं.

डॉक्टरकडून तपासणी नऊच्या नऊ जणांची, सह्यांपुरती नाही. कुणाला दमा आहे का, पळताना कधी चक्कर आली का, छातीत दुखलं का, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का, हे चार प्रश्न पालकांना तुम्ही स्वतः विचारा, ते डॉक्टरला आपणहून सांगत नाहीत. मुलींचं हिमोग्लोबिन करून घ्याच. माझ्याकडं एक मुलगी दोन महिने "आळशी" म्हणून बोलणी खात होती, माझीच, आणि रिपोर्ट आला 8.6, म्हणजे बरंच कमी. मला आजही त्याची लाज वाटते. आणि रेसच्या आठवड्यात कुणाला ताप आला तर तो घरी, कितीही रडला तरी.

प्रवासाचं बोलते. देवगिरी एक्सप्रेसनं रात्रभर जायचं आणि सकाळी उतरून थेट रेसला, हा पैसे वाचवायचा विचार करू नका, जनरलमध्ये उभं राहून गेलेल्या पोराचे पाय आधीच संपलेले असतात. एक दिवस आधी पोचा, राहायची सोय आयोजकांना मागा, लाजू नका, चॅरिटीवाले बऱ्याचदा करतात. मुंबईची हवा दमट, घाम वाळत नाही, आपल्या लेकरांना कोरड्या उन्हाची सवय, आणि जिन्यात तर वारा नसतोच, धूळ पण असते. आदल्या दिवशी पाणी पीत राहायचं. रात्री नेहमीचं जेवण, भाकरी-वरण-भात जे पचतं ते, वडापाव-शेवपुरी रेस झाल्यावर. सकाळी दोन-अडीच तास आधी थोडे पोहे किंवा दोन केळी. 15 मिनिटं वॉर्मअप घाम येईपर्यंत, कारण थंड अंगानं जिना सुरू केला तर पहिल्या पाच मजल्यातच धाप लागते.

वर पोचल्यावर बसू द्यायचं नाही, पाच मिनिटं चालत ठेवायचं. बऱ्याच जणांना कोरडा खोकला येतो, घशात लोखंडासारखी चव येते, घाबरू नका, जोरजोरात हवा ओढल्यानं होतं आणि तास-दोन तासात जातं. पण छातीतनं शिट्टीसारखा आवाज आला किंवा ओठ निळसर दिसले तर लगेच मेडिकलवाल्याला बोलवा.

आता देणगी. जगभर या रेसा अशाच चालतात, अमेरिकेत लंग असोसिएशनवाले फुप्फुसाच्या आजारांसाठी टॉवर चढवतात, सिएटलला एका टॉवरचे 69 मजले ब्लड कॅन्सरच्या संस्थेसाठी चढतात, 1,311 पायऱ्या. संकल्पना चांगलीय. पण एका वर्षी एका आयोजकानं (नाव घेत नाही) कुणी किती जमवले त्याची यादी बॅनरवर लावली होती, शहरातल्या शाळांचे आकडे लाखात आणि आमच्या पोरांसमोर 300, 450. लेकरं त्या बॅनरजवळ फोटो काढायला गेली नाहीत. तेव्हापासून मी आधीच विचारते, यादी लावणार का, देणगीची कमीत कमी रक्कम सक्तीची आहे का, आणि पावती कोण देणार. संस्था नोंदणीकृत आहे का, 80जी ची (देणाऱ्याला इन्कम टॅक्समध्ये सूट देणारी) पावती मिळते का बघा, पैसे थेट संस्थेच्या खात्यात, पोरांच्या खिशात रोकड नको आणि तुमच्या स्वतःच्या क्यूआरवर तर अजिबात नको सर, गाव आहे, उद्या कुणी काही पण बोलेल.

आम्ही मजल्याला एक रुपया असं ठेवलंय. 45 मजले, 45 रुपये. साठ घरं झाली तरी 2,700 होतात, आणि 45 रुपये द्यायला कुणाला जड जात नाही, या वर्षी कापसानं सगळ्यांना रडवलं असलं तरी. पोरांनी घरोघरी जाऊन स्वतः समजावून सांगायचं की पैसे कुणाला जाणार, पाठ केलेलं भाषण नको. आमच्या एका पोराला किराणावाल्या काकांनी विचारलं, "कामून रे, त्या बिल्डिंगला लिफ्ट नाही का?" पोरगं म्हणालं, "आहे काका, पण लिफ्टनं गेलो तर तुम्ही पैसे द्याल का?" 90 दिले त्यांनी.

लिफ्टवरनं आठवलं. मागच्या खेपेला माझी एक मुलगी, 15 वर्षाची, कुठंही न थांबता वर पोचली, वयोगटात तिसरी आली, आणि लिफ्टमध्ये पाय ठेवेना. तिनं लिफ्ट कधी बघितलीच नव्हती, आणि ती काचेची होती, खाली अख्खी मुंबई दिसत होती. "मॅडम मी जिन्यानंच उतरते" म्हणाली आणि रडायला लागली. शेवटी मी तिचं तोंड माझ्या ओढणीत धरून तिला खाली आणलं. तर तुमच्या नऊ जणांना त्याआधी एकदा परभणीत लिफ्टमध्ये बसवून आणा. आणि उद्या शाळेत गेलात की पहिलं काम, पट्टी घेऊन एका पायरीची उंची मोजा आणि गच्चीपर्यंतच्या पायऱ्या मोजा, ते दोन आकडे मला पाठवा, मग पहिल्या चार आठवड्याचं वेळापत्रक मी करून देते.